एक फर्मा मागे

"तुझ्या त्याचं नवीन पुस्तक आलंय," मी दारातूनच सांगितलं. बायको आत पुस्तकं चिकटवायची खळ ढवळत होती. तिने वळून बघितलं नाही, पण भांड्यातली पळी जरा जोरात फिरू लागली. ऐकलंय, एवढं मला त्यावरून कळलं.

'तुझा तो' म्हणजे आमचा लेखक. लग्नानंतर ती राहायला आली तेव्हा तिच्या पेटीत कपड्यांच्या खाली त्याच्या कादंबऱ्या होत्या आणि मी त्या वाचल्या नाहीत तर आपलं काही खरं नाही, असं तिने मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं. मी वाचल्या. सुरुवातीला मत्सरापोटी वाचल्या, मग आवडायला लागल्या. पण 'तुझा तो' हे नाव काही सुटलं नाही. दर पुस्तकाच्या मागच्या बाजूला त्याचा फोटो असायचा आणि दर फोटोत त्याचे केस थोडे कमी झालेले असायचे. माझेही त्याच वेगाने चालले होते. तिला त्याचं टक्कल भारदस्त वाटायचं. माझ्या टकलाबद्दल तिने कधी चांगला शब्द काढला नाही.

आमचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे राहायच्या दोन खोल्या. ग्रंथालयाची खिळखिळी झालेली पुस्तकं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, कचेऱ्यांचे जुने गठ्ठे, असलं काम येतं. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घालून सोळा पानांची जी जुडी होते तिला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे क्रमाने एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवले की झालं पुस्तक. शिवणं तिचं, पुठ्ठा-कापड माझं. तिची शिलाई बघून ग्रंथालयाचा माणूस म्हणायचा की पुस्तक फाटेल पण दोरा सुटायचा नाही. आणि तोंड माझ्याकडे करून म्हणायचा, जणू मीच शिवलंय. मीही मान डोलवायचो.

पुस्तक वाचायची आमची एक पद्धत होती आणि ती भांडणातून निघाली होती. लग्नानंतर त्याची पहिली नवी कादंबरी आली तेव्हा दोघांनाही ती आधी हवी होती. तिने ती स्वयंपाकघरात लपवली, मी शोधून काढली, मग अबोला झाला. तिसऱ्या दिवशी तिने काय करावं? पुस्तक टेबलावर घेतलं, पुठ्ठा काढला, दोरा कापला आणि सगळे फर्मे सुटे केले. दुसऱ्या घरात असं काही झालं असतं तर भांडण आणखी पेटलं असतं. पण आम्हाला पुस्तक उसवणं म्हणजे शेंगा सोलण्यासारखं. पहिला फर्मा तिने वाचायला घेतला, तो संपला की माझ्या हातात दिला आणि स्वतः दुसरा घेतला. तेव्हापासून मी कायम तिच्या एक फर्मा मागे.

त्याचे नियम होते. पुढे असलेल्याने काही बोलायचं नाही, चेहऱ्यावरही दाखवायचं नाही. हे तिला अजिबात जमायचं नाही. पुढे कोणी मरणार असेल तर ती त्या दिवशी मला आग्रहाने वाढायची. दोघांचं वाचून संपलं की सगळे फर्मे जुळवायचे, ती शिवायची, मी तिने निवडलेल्या कापडात बांधायचो आणि पुस्तक फळीवर जायचं. न वाचलेलं पुस्तक आमच्याकडे कधी बांधलं गेलं नाही. आमची मुलगी याच घरात वाढली. फळीवर पुस्तकाची नवीन पाठ दिसली की ती म्हणायची, "झालं का तुमचं? आता माझ्याकडे लक्ष द्या."

तर हे नवीन पुस्तक. बरीच वर्षं त्याचं काही आलं नव्हतं. लोक म्हणत होते संपला. त्याच्या कादंबऱ्यांत भांडकुदळ आत्या असायच्या, मोडता मोडता जुळणारी लग्नं असायची, फार तर कुणाला सर्दी व्हायची. आणि या वेळी मुखपृष्ठावर नुसतं करडं शहर. हे त्याचं शेवटचं पुस्तक आहे, असं त्याने स्वतःच पहिल्या पानावर लिहून टाकलं होतं. मी वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "मेला सगळ्यांनाच असं सांगत असेल." पण तिचा चेहरा उतरला.

मी तेव्हा आणलं ते केवळ पुस्तक म्हणून नव्हतं. डॉक्टरांनी तिच्या आजाराला नाव देऊन वर्ष होत आलं होतं. विसरण्याचा आजार. आधी शब्द गेले, मग दिवस, मग गॅस बंद करणं. शिलाईत एखादं भोक सुटायला लागलं. मग एखादा फर्मा उलटा शिवला जाऊ लागला, डोकं खाली पाय वर. ती दुपारी झोपली की मी तिचं काम उसवायचो आणि माझ्या जाड्या बोटांनी पुन्हा शिवून ठेवायचो. उठल्यावर ती गठ्ठ्यावर अंगठा फिरवायची आणि म्हणायची, "आज जरा ओबडधोबड झालंय हो." मी म्हणायचो, दोराच खराब आलाय. दोरेवाल्याला मी त्या वर्षात इतक्या शिव्या घातल्या की समोर आला तर मलाच लाज वाटायची.

मुलीला हे कळत होतं. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते, नोकरी करते, रविवारी येते. तिने टेकडीपलीकडचं एक घर बघून ठेवलं होतं. तिथे अशी माणसं सांभाळतात, नर्स असतात, बाग आहे. मी बागेचं नाव काढलं की चिडायचो.

"आई तिथे काय करेल? फुलं मोजेल?"

"बाबा, ती परवा चपलांशिवाय चौकात उभी होती. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत होतात. गाडीखाली आली असती तर?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, ही माझी जुनी खोड. पण त्या दिवशी आवाजही चढला नाही. मी म्हणालो, "त्याचं पुस्तक आलंय. शेवटचं आहे. तेवढं आम्हाला वाचू दे. पुस्तक बांधून झालं की तू म्हणशील तसं."

मुलगी म्हणाली, "बांधून झालं की. शब्द दिलाय तुम्ही." मी मान हलवली. पुस्तकाच्या बाबतीत आईबापाचा शब्द कसा असतो, हे तिला चांगलं माहीत होतं.

बायकोने पुस्तक स्वतः उसवलं. त्यात तिचा हात अजून सराईत होता. पहिला फर्मा घेऊन ती खिडकीपाशी बसली आणि मी समोर कात्रणं साफ करत तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. एके ठिकाणी तिने वाचणं थांबवलं, तोंडावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर फिरवली. नियम तिला आठवत होता. माझा जीव भांड्यात पडला. संपल्यावर तिने फर्मा माझ्या हातात दिला. "घ्या. तुमचा. या वेळी त्याला काय झालंय कळत नाही बाई."

कादंबरीतल्या शहरात प्रत्येकाने रोज ठरलेलं काम पुरं करायचं असतं. दर महिन्याला तपासनीस येतो, गोड बोलतो, पाणी मागतो, काम मोजतो. ज्याचं कमी भरतं त्याला सकाळी एक पांढरी बस घेऊन जाते. कुठे, ते कुणी विचारत नाही. शेजारी खिडक्या लावून घेतात आणि संध्याकाळपर्यंत त्या घरात दुसरी माणसं भांडी लावत असतात. नायक घड्याळं दुरुस्त करतो, बायको गणवेश शिवते. पहिल्याच फर्म्यात त्यांच्या समोरची म्हातारी बसमधून जाते, हातात दुधाचं पातेलं तसंच घेऊन. माझी बायको दचकली होती ती इथे. मीही दचकलो, खराच दचकलो. मान वर केली तर ती माझ्याचकडे बघत होती, डोळे चमकत होते. "पातेलं ना?" ती म्हणाली. त्या वेळी मी इतका सुखी झालो की पातेलं घेऊन गेलेल्या म्हातारीचं मला काही वाटेना.

दुसरा फर्मा वाचून झाला. तिसराही झाला. तिसऱ्यात त्या बायकोची नजर कमी व्हायला लागते, आणि घड्याळजी तिच्या वाटणीचे गणवेश चोरून शिवायला लागतो. हे वाचताना मला वाटलं की हा माणूस आमच्या खिडकीतून डोकावून गेला असणार. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

मग चौथा तिने हातात घेतला, बाजूला ठेवला आणि पुन्हा पहिला उचलला. मला वाटलं, काही तपासून बघत असेल. पण ती खिडकीपाशी बसली, वाचू लागली आणि एके ठिकाणी थांबून तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघून पटकन नजर फिरवली. मग फर्मा माझ्या हातात दिला. "घ्या. तुमचा. या वेळी त्याला काय झालंय कळत नाही बाई."

मी तो घेतला. पुन्हा वाचला. पातेल्यापाशी पुन्हा दचकलो, कारण ती बघत होती.

तो पावसाळा आमचा असा गेला. पहिला, दुसरा, तिसरा, पुन्हा पहिला. तिसऱ्यापुढे ती कधी गेली नाही, आणि तिच्यापुढे जायचं नाही हा नियम असल्यामुळे मीही गेलो नाही. दचकण्यात मी इतका पटाईत झालो की नाटक कंपनीने मला ठेवून घ्यायला हरकत नव्हती. कधी कधी म्हातारी जाते तिथे ती रडायची, कधी संतापायची, एकदा तर म्हणाली, "दूध उतू गेलं असेल हो." प्रत्येक वेळी तिला ते नवीन असायचं. आणि मलाही खोटं कशाला सांगू, एका अर्थाने नवीनच असायचं, कारण त्या थोड्या वेळापुरती ती पूर्णपणे माझ्यासमोर असायची.

रविवारी मुलगी विचारायची, "कितवा फर्मा?"

"तिसरा."

पुढच्या रविवारी, "कितवा?"

"तिसराच. जड पुस्तक आहे."

ती खुळी नाही. एकदा तिने टेबलावरचे फर्मे बघितले, पहिल्या तिन्हींचे कोपरे मऊ पडून वळले होते, खालचे सगळे करकरीत होते. आईच्या केसांना तेल लावत बसली. निघताना मात्र दुकानाच्या पायरीवर म्हणाली, "बाबा, मला वाईट मुलगी व्हायचं नाहीये. पण मला रोज भीती वाटते. फोन वाजला की आधी तुमचं नाव आहे का ते बघते." मी म्हणालो, पुस्तक होऊ दे. मनात म्हणालो, ते कधी होणार नाही. इतका लबाड आनंद मला आयुष्यात दुसरा झालेला नाही.

पावसाळा संपताना ग्रंथालयाचा एक मोठा गठ्ठा पोचवायचा होता. एरवी त्यांचा माणूस न्यायला यायचा, त्या दिवशी आला नाही. बायको झोपली होती. मी बाहेरून कडी लावली आणि गेलो. परत यायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ लागला. कडी काढून आत आलो तर ती फर्मे शिवायच्या लाकडी चौकटीसमोर बसली होती.

पाठ ताठ, सुई तिरकी धरलेली, ओठांत दोऱ्याचं टोक. दोरा ओढताना ती मनगटाला जो एक लहानसा झटका द्यायची, तो कित्येक महिन्यांत मी बघितला नव्हता. तो आला होता. गुणगुणत होती. एक भोक सुटलं नव्हतं. मी दारातच उभा राहिलो, कारण हललो तर ते बंद पडेल असं वाटलं. शेवटची गाठ मारून तिने दोरा दाताने तोडला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि तेव्हा कुठे माझ्याकडे बघितलं.

"कुठे होतात? वाचून कधीच झालंय. फर्मे असे उघडे टाकून ठेवायचे का? शिवून टाकलं."

मी जवळ जाऊन बघितलं. टेबल रिकामं होतं. सगळं पुस्तक, आम्ही न वाचलेलं सगळं, तिने शिवून टाकलं होतं. पुस्तक हातात घेतलं. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानावर खाली कोपऱ्यात बारीक आकडा असतो, क्रम चुकू नये म्हणून. सवयीने मी ते आकडे बघत गेलो. सहावा सुरुवातीला होता. मग अकरावा. पहिला कुठेतरी मध्येच. दुसरा सगळ्यात शेवटी. उभ्या आयुष्यात तिच्या हातून फर्मा इकडचा तिकडे झाला नव्हता. या कामात त्याहून मोठी चूक नाही. कामाला ठेवलेल्या पोरींना ती यासाठी रडवायची.

"फर्मे बरोबर आहेत ना?" तिने विचारलं.

हे ती दर पुस्तकाला विचारायची आणि मी दर वेळी, न बघताच, हो म्हणायचो. या वेळी मी बघितलं होतं. आणि नेमकी त्याच वेळी मुलगी दारात आली. रविवार नव्हता. त्या टेकडीपलीकडच्या घरात एक खोली रिकामी झाली होती, ते सांगायला ती ऑफिसमधून तशीच आली होती. तिने आईच्या समोरची चौकट बघितली, माझ्या हातातलं शिवलेलं पुस्तक बघितलं आणि तिथेच थांबली.

मी सांगतो, मला पेच कळला नाही असं नाही. चुकलंय म्हटलं असतं तर पुस्तक बांधलेलं धरलं गेलं नसतं. उसवावं लागलं असतं, पुन्हा पहिला फर्मा, पुन्हा पातेलं. पण मुलीसमोर, बायकोच्या तोंडावर, तुझे फर्मे चुकले म्हणायचं? तिच्या चेहऱ्यावर तो उजेड होता, काम नीट जमल्याचा. बाकी सगळं तिच्यापासून सुटत गेलं होतं, एवढं एकच तिच्या हाताशी उरलं होतं, आणि तेही गेलं, हे मी सांगायचं?

"बरोबर आहेत," मी म्हणालो. "एकही चुकलेला नाही."

"मग?" ती म्हणाली आणि हसली. "हिरवं कापड घाला याला."

मुलगी दुकानातल्या स्टुलावर बसली आणि ओढणी तोंडाशी धरून रडायला लागली. "झालं मग, बाबा," एवढंच म्हणाली. मी हिरवं कापड मोजायला घेतलं. हात चालत होते. मला कुणी विचारलं असतं की तू काय करतोयस, तर मला सांगता आलं नसतं.

न्यायला आलेली गाडी पांढरी नव्हती, राखाडी होती. मी आधी तेवढंच बघितलं. बायको चांगली मागच्या सीटवर बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत हिरवं पुस्तक. कुठे चाललोय हे तिने विचारलं नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. आयुष्यभर साध्या बाजारात जायचं तरी कुठून जायचं, कधी यायचं, छत्री घेतली का, असे शंभर प्रश्न विचारणारी बाई.

तिथे मी एक दिवसाआड जातो. जागा वाईट नाही, हे कबूल करायला मला खूप दिवस लागले. खोलीला खिडकी आहे, नर्स हसून बोलते, बाग आहे आणि ती खरंच फुलं मोजत नाही. पुस्तक तिच्या उशाशी असायचं. वाचत नव्हती. मग मीच तिच्या शेजारी बसून ते वाचायला लागलो, तिने शिवलंय तसं, सहाव्यापासून. आता ती माझ्या पुढे नव्हतीच, कुणासाठी थांबायचं?

सुरुवातीला काही कळेना. वाक्य अर्ध्यावर तुटायचं आणि पुढचं पान भलतीकडेच सुरू व्हायचं. हळूहळू लागलं. लेखकाने शेवटी काय केलंय ते मला मध्येच कळलं: तपासनीस येतो, चोरून शिवलेले टाके ओळखतो, आणि सकाळी बस येते. घड्याळजी बायकोला कोट घालून देतो, बटणं लावतो. लेखकाने आम्हाला काही सूट दिली नव्हती. मी खिडकीकडे तोंड करून बसलो, नर्सला दिसू नये म्हणून. पण मग तिच्या क्रमाने त्यापुढे पहिला फर्मा आला, आणखी काही आले, आणि सगळ्यात शेवटी दुसरा, ज्यात मागची आठवण येते, ती दोघं तरुण असतात आणि नव्या घराची अडकलेली खिडकी उघडत असतात. ती आतून ढकलते, तो बाहेरून ओढतो, दोघं हसून हसून बेजार. पुस्तक तिथेच, वाक्याच्या मध्येच संपतं. लेखकाच्या हजारो प्रतींमध्ये घड्याळजीची बायको बसमधून जाते. आमच्या प्रतीत ती शेवटी घरीच आहे. चुकीच्या जुळणीने कुणाचं भलं झाल्याचं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या दिवशी बसमधून घरी येताना मी, म्हातारा माणूस, मनातल्या मनात माझ्या बायकोला शाबासकी देत होतो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा पुस्तक तिच्या मांडीवर होतं. मी खुर्ची ओढून बसलो.

"भाऊ," ती मला म्हणाली, "हे कोणी बांधलं?"

आयुष्यभर मी 'अहो' होतो. भाऊ कधी झालो ते मला कळलंच नाही. म्हणालो, "माझ्या बायकोने."

"हात चांगला आहे." तिने पाठीवरून अंगठा फिरवला. "टाका सारखा आहे. ओढ बरोबर आहे. असं आता कोणी शिवत नाही."

"हो. ती फार चांगलं शिवते."

तिने पुस्तक उघडलं, पानं उलटली, आणि तिचा अंगठा एका कोपऱ्यावर थांबला. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या. ओठ घट्ट मिटले. तो चेहरा मला ओळखीचा होता. कामाच्या पोरी त्याला घाबरायच्या.

"पण फर्मे चुकलेत," ती म्हणाली. "हे बघा खालचे आकडे. सहा, मग अकरा. एवढी सुंदर शिलाई आणि सगळी वाया. तुम्ही बघून नाही घेतलं?"

"घेतलं."

"मग तिला सांगितलं नाहीत?"

"नाही."

"का?"

"तिला वाईट वाटलं असतं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, दया आल्यासारखं. "असं करू नये, भाऊ. वाईट वाटतं थोडं. पण उसवून परत करता येतं ना. अजून वेळ मिळाला असता तिला. तुम्ही तिला परत करूच दिलं नाहीत."

तिने नखाने एक टाका उचकटून बघितला, आणि मग नर्सकडे कात्री मागितली. तिथे कात्री देत नाहीत. नर्स गोड हसली आणि नाही म्हणाली. बायकोने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"घरी घेऊन जा. तिला म्हणावं, उसव आणि नीट लाव. काही एवढं मोठं काम नाही. झालं की आणून दाखवा. मी आहे इथे."

मी ते पिशवीत घातलं आणि घरी आणलं. दुकान उघडलं, टेबल पुसलं, सुरी घेतली. वर्षभर मी दुपारी चोरून तिचे टाके उसवत होतो. हाताला दुसरं काही येतच नव्हतं म्हणायला हरकत नाही. हिरवं कापड सोडवलं, ते माझं होतं, ते सहज सुटलं. मग आतली शिलाई समोर आली. पांढरा दोरा, सारखा टाका, कुठे सैल नाही, कुठे ओढलेला नाही. सुरीचं टोक पहिल्या टाक्याखाली घातलं, आणि तसाच बसलो. हा कापला की तिने शिवलेलं या घरात पुन्हा काही होणार नाही. नाही कापला तर मी तिला परत करूच दिलं नाही, हे ती म्हणाली ते खरंच राहतं. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, हाका मारून निघून गेलं. मी सुरी बाजूला ठेवली आणि कापड परत चिकटवून टाकलं.

ठरल्या दिवशी पुन्हा गेलो, पुस्तक न घेता. उसवलं नाही म्हणून काय सांगायचं, याची वाटेत चार-पाच उत्तरं तयार केली होती. ती खिडकीपाशी बसली होती. मी खुर्ची ओढली, नमस्कार केला, तिने केला. मग मी वाट बघत बसलो, की आता विचारेल. भेटायची वेळ संपेपर्यंत बसलो. तिने काही विचारलं नाही.